मगदुमांचा संधिवात

माझे थोरले दीर सन्मती मगदूम पाच वर्षांनी माझ्या दारात आले, तेही सत्काराची पत्रिका घेऊन. मिरजेतल्या निम्म्या लग्नांत पाहुण्यांना ‘या, या’ करून तोंडावर कायमचं बसलेलं ते हसू तसंच होतं. मी दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले.

“जय जिनेंद्र, राजमती. आत या म्हणणार नाहीस?”

“नाही. काय असेल ते तिथनंच बोला. शेजारीपाजारी ऐकतील, ऐकू देत. लोक काय म्हणतील याची काळजी तुम्हालाच फार, मला नाही.”

मला गोड बोलता येत नाही असं माझी आईसुद्धा म्हणायची, आणि या माणसाशी तर शिकूनही बोलले नसते. त्यांनी पत्रिका पुढं केली. मी जिथं काम करते त्या जनुक-औषध केंद्राच्या डॉक्टर रुबिना मुजावर यांना लिस्बनचं मोठं पदक मिळालं होतं. एकाच माणसासाठी बनवलेलं औषध, तेही तीन आठवड्यांत, तेही मिरजेसारख्या गावात, हे त्यांनी करून दाखवलं म्हणून. रविवारी सकाळी गावातर्फे सत्कार, आणि तो कुठं, तर भाऊजींच्याच मंगल कार्यालयात.

“चंदनाला स्टेजवर बसवायचं ठरलंय,” ते म्हणाले. “पहिलं औषध तिचं. आपल्या घरची पोर म्हणून जरा...”

“आपल्या? कधीपासनं?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशाला हात घातला. खिशाचं बटण काही निघेना, दोन बोटं नुसती चाचपडत राहिली. शेवटी निघालं, कागद बाहेर आला आणि हातातून सुटून माझ्या पायाशी पडला. मला वाटलं, बिचारेपणाचं नाटक करतोय माणूस. कागद वाचायला मला वाकावं लागलं नाही, तो नमुना मी केंद्रात रोज बघते. ‘अनुक्रम वापरण्यास संमती.’ खाली नाव: स्वस्ती सन्मती मगदूम, वय अकरा. त्यांची धाकटी.

“जिन्यावर पडते,” भाऊजी म्हणाले. “पेन्सिल सुटते हातातनं. दोन-तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, चंदनाचंच आहे हे. औषधही तेच लागू पडेल बहुतेक. पण नोंद चंदनाच्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय बनवता येत नाही.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीचा काय दोष? पण तोंडातून निघालं ते असं: “संधिवात असेल.”

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. उतरायलाच पाहिजे होता.

“करते सही,” मी म्हटलं. “रविवारी माइक तुमच्याच हातात असणार. तुमच्या वधूवर मंडळातली सगळी घराणी समोर बसलेली असणार. त्यांच्यापुढं सांगा, आपल्या घरात काय आहे ते. मग खाली या, मी तिथंच सही करते.”

“धंदा बुडेल माझा. आमच्या थोरलीच्या, समृद्धीच्या सासरी काय म्हणतील?”

“आणि स्वस्ती खुर्चीत बसेल त्याचं?”

“राजमती, पोरीकडं बघून तरी...”

“तुम्ही बघितलं होतं का माझ्या पोरीकडं?” एवढं बोलून मी दार लावलं. लावलं म्हणजे आपटलं. कागद मात्र आधी उचलून घेतला होता.

आतून चंदनानं विचारलं, “कोण होतं गं?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही आणि एवढ्या जोरात दार?” चौदा वर्षांची आहे, पण जीभ माझी घेतलीय तिनं.

आता हे सगळं तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, केवढी ही दुष्ट बाई.

मगदुमांच्या घरात संधिवात आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजेसासरे साठीत काठीला आले, संधिवात. आत्तेसासूबाई चाळिशीत अंथरुणाला खिळल्या, त्यांनाही संधिवात. माझ्या नवऱ्याच्या, भरतेशच्या हातातून अधूनमधून कप सुटायचा, तेव्हा सगळे हसायचे, धांदरट म्हणायचे. चंदना चार वर्षांची असताना तो हायवेवर गेला, गाडीनं उडवलं. आठव्या वर्षी पोरगी शाळेच्या पायऱ्यांवर अडखळायला लागली, मी घाबरून भाऊजींकडं गेले, तर ते पानाला चुना लावत म्हणाले, “संधिवात असेल. आपल्याकडं हाडांची ठेवणच तशी आहे.”

हाडांशी काही संबंध नाही त्याचा. हा नसांचा आजार आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जी जनुकांची मोठी पोथी असते, तिच्यात एका ठिकाणी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. मगदुमांच्या पोथीत ती फार वेळा आहेत, आणि बापाकडून लेकराकडं जाताना ती ओळ आणखी लांबते. म्हणून आजोबांना साठीत, आत्याला चाळिशीत आणि माझ्या लेकीला आठव्या वर्षी. घरातल्या थोरांनी एकदा जरी खरं नाव घेतलं असतं, तरी कुणीतरी हिशेब मांडला असता की पुढच्या पिढीचं काय होणार.

पोथी जागची हलत नाही. काम पडलं की तिच्यातल्या एका पानाची चिठ्ठी नक्कल करून बाहेर पाठवतात, तिला आरएनए म्हणतात. चिठ्ठीवरून प्रथिन शिजतं. चिठ्ठी बिघडलेली असली तर शिजतं ते विष. आमचं औषध म्हणजे वीस अक्षरांचा एक तुकडा. तो बिघडलेल्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो, आणि चिकटलेलं दिसलं की पेशीतलीच कात्री येऊन ती चिठ्ठी कापून टाकते. पोथीला कुणी हात लावत नाही. चिठ्ठ्या रोज नव्या निघतात, म्हणून दर चार महिन्यांनी पाठीच्या मणक्यात सुई घ्यावी लागते. आणि एक लक्षात ठेवा, हे औषध गेलेलं परत आणत नाही. उरलेलं राखतं.

मग अडलं कुठं? पोथ्या दोन असतात, एक आईची, एक बापाची. चंदनाला माझ्याकडून चांगली चिठ्ठी मिळत होती आणि भरतेशकडून बिघडलेली. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. चांगली चिठ्ठी कापली गेली तर पोरगी वर्षाच्या आत संपली असती. तेव्हा फक्त वाईट पोथीत सापडेल अशी एखादी खूण हवी होती. खुणा तीन होत्या. पण कुठली खूण कुठल्या पोथीतली, हे कळेना, कारण ती लांबलचक ओळ आली की वाचणारं मशीन अडखळायचं आणि धागा तुटायचा. त्याला उपाय एकच होता. तीच वाईट पोथी असलेला, मगदुमांच्या रक्ताचा दुसरा माणूस. त्याच्यात आणि चंदनात जी खूण सारखी निघेल, ती आपली.

भरतेश नव्हता, आणि आत्तेसासूबाईंची माणसं भाऊजींच्या शब्दाबाहेर नव्हती. मी भाऊजींचे पाय धरले. मी, राजमती, जिनं सासऱ्यांच्यापुढंही कधी मान खाली घातली नाही. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त मागितलं. ते म्हणाले, “समृद्धीचं जमत आलंय. आपलं रक्त एकदा त्या मशीनमध्ये गेलं की सगळीकडं होतं.” तेव्हा नुकता वधूवरांच्या माहितीपत्रकात एक नवा रकाना आला होता: ‘घराण्यात आनुवंशिक आजार आहे / नाही’. तो रकाना मंडळात आणला कुणी, तर ह्यांनीच, आधुनिक म्हणून मिरवायला. आणि स्वतःच्या लेकीच्या पत्रकात ‘नाही’वर खूण केली. नाव सन्मती!

चौदा महिने गेले. चंदना पायऱ्या चढायची ती थांबली, मग चालायची थांबली. मग एक दिवस डॉक्टर मुजावर म्हणाल्या, “राजमती, एका नातेवाइकाचं रक्त आलंय, कार्डवर वाळवलेलं. कुणाचं ते विचारायचं नाही.” मी विचारलं नाही. आत्तेसासूबाई जयसिंगपुरात तेव्हा शेवटचे दिवस मोजत होत्या. त्यांच्याशिवाय मगदुमांत माणुसकी कुणाकडं होती? खूण सापडली, औषध तयार झालं आणि आजार जिथं होता तिथं थांबला. पाय गेले, हात आणि आवाज राहिले. आत्तेसासूबाईंच्या फोटोला मी दरवर्षी हार घालते. आणि इचलकरंजीच्या रंगाईच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी केंद्रात लागले, औषध बनवायच्या मशीनवर.

राहिला सहीचा प्रश्न. मध्यंतरी लोकांचं रक्त नेऊन त्यावरची औषधं बाहेर विकायचे प्रकार झाले, त्यानंतर कायदा आला. एका माणसासाठी शोधलेला अनुक्रम, म्हणजे औषधाची ती वीस अक्षरं, त्याच माणसाच्या नावावर. दुसऱ्यासाठी बनवायचा तर त्याची किंवा त्याच्या पालकाची सही. मागायला घरच्यांनीच जायचं, केंद्रानं मधे पडायचं नाही. आणि लक्षण दिसल्याशिवाय धडधाकट पोराच्या मणक्यात सुई घालायची नाही. कायदा चांगल्यासाठीच केला होता. पण कायदा करणाऱ्यांनी भाऊबंदकी बघितली नसावी.

शनिवारी सकाळी डॉक्टर मुजावर माझ्या टेबलाशी आल्या आणि एक नळी ठेवली. नळीवर आकडा होता, नाव नव्हतं.

“हा नमुना तू लाव.”

“मी का? कुणाचा आहे ते मला माहितीय. माझं नातं लागतं, नियमात बसत नाही.”

“नळीवर नाव दिसतंय का तुला? आकडा आहे. लाव की गुमान.”

डॉक्टरांचं असं आहे, लिस्बनचं पदक गळ्यात घालूनही बोलणं मिरजेच्या बाजारातलंच. मी नमुना लावला. तपासायचं होतं ते इतकंच, की चंदनाची खूण स्वस्तीच्या वाईट पोथीत आहे का. नसली तर आमचं औषध तिला चालणार नाही, आणि माझ्या सहीचा प्रश्नच मिटला. चार तास लागतात. त्या चार तासांत मी मनातल्या मनात हात जोडले, की खूण जुळू नये. अकरा वर्षांच्या पोरीसाठी मी हे मागितलं. सांगायला लाज वाटते, पण मागितलं.

पडद्यावर आलं: ‘खूण जुळते.’ त्याखाली एक पिवळी पट्टी आली, तशी मी कधी बघितली नव्हती. ‘या व्यक्तीचा नमुना शीतकपाटात आधीपासून आहे. फाइल १७, नातेवाईक-२.’

फाइल १७ चंदनाची. नातेवाईक-१ मी. मला वाटलं, माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली. दुसरी नळी घेतली, पुन्हा लावला, पुन्हा चार तास. पुन्हा तेच.

“डॉक्टर, हे काय?”

“मशीन सांगतंय ते.”

“ते रक्त आत्तेसासूबाईंचं होतं ना?”

“असं मी कधी म्हणाले?”

नव्हत्याच म्हणाल्या. माझं मीच ठरवलं होतं. पाच वर्षं मी भलत्याच बाईला हार घालत होते.

“मी त्या माणसाला शब्द दिला होता, राजमती, की मी सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मशीननं कुणाला शब्द दिला नव्हता.” आणि पदकाच्या भाषणाचे कागद घेऊन निघून गेल्या.

म्हणजे ते रक्त स्वस्तीचं, तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या पोरीचं. ती काही आपल्या पायानं केंद्रात आली नसणार. बापानं तर दिलं नसणारच. राहिलं कोण?

रविवारी सात वाजता मी मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. माझी जाऊ पद्मजा, मी तिला अक्का म्हणते, परातीपुढं बसून बुंदीचे लाडू वळत होती. आचाऱ्यांना तिनं नाष्ट्याला पाठवलं होतं. मला बघून उठली नाही.

“अक्का, नातेवाईक-दोन कोण?”

तिचा हात थांबला. “कळलं होय.”

“कसं दिलंत?”

“स्वस्ती सायकलवरनं पडली होती. गुडघा फुटला. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं ते जाड कार्ड महिनाभर पोळपाटाखाली लपवलं होतं मी. टिपलं त्याच्यावर, वाळवलं, पाकिटात घातलं. ह्यांना कळलं असतं तर चुलीत घातलं असतं. माझं रक्त चालत नव्हतं, मी काय मगदूम नव्हे. मग पोरीचंच दिलं.”

“आणि मला सांगायला काय झालं होतं?”

“तुला सांगून? तू गावभर केली असतीस. तुझ्या तोंडाला कधी कुलूप होतं, राजू?” तिनं लाडू परातीत ठेवला. “महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, चंदनाचं काम झालं. आणि म्हणाल्या, झालं ते ह्याच्यामुळंच, की तुमच्या पोरीतही तेच आहे. तिथं बाकावर बसून मी इतकी रडले, आणि घरी येऊन समृद्धीच्या साखरपुड्याच्या साड्या बघितल्या. पाच वर्षं रोज त्या पोरीची पावलं बघते मी.”

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. म्हणून पुन्हा तिच्यावरच काढला. “मग पहिल्यांदा अडखळली तेव्हा का नाही आलात? दोन-तीन महिने काय बघत बसलात?”

“दोन-तीन महिने? ते ह्यांना दिसल्यापासनं. मला गेल्या दिवाळीत दिसलं.” तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “आले होते की मी. पाडव्याला. शेंगापोळ्यांचा डबा घेऊन.”

आठवलं मला. ती म्हणाली होती, राजू, जरा बसून बोलायचंय. मी डबा तिच्या हातातून घेतला, बाहेर पायरीवर ठेवला आणि म्हटलं, आमच्याकडं खाणारं कुणी नाही, घेऊन जा. संक्रांतीला परत आली तेव्हा मी खिडकीतून बघितलं आणि दारच उघडलं नाही. वर चंदनाला म्हटलं, बघ, कशी ताटकळतेय. आणि हसले होते.

अकरा महिने झाले त्याला.

“किती गेलंय?” मी विचारलं.

“उजव्या हाताची तीन बोटं. वेणी मी घालते आता. जिना चढते, पण कठड्याला धरून.”

मी तांदळाच्या पोत्यावर बसले. चौदा महिने घालवले म्हणून पाच वर्षं मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते, आणि त्याच घरातल्या, ज्या पोरीच्या रक्तावर माझी लेक उभी आहे, म्हणजे बसलेली आहे, त्या पोरीचे अकरा महिने मी दारात उभं राहून घालवले. कुणी विचारलं तर काय सांगणार होते? मला माहीत नव्हतं, म्हणून? भाऊजींनाही तेच म्हणता आलं असतं.

“शिव्या घालायच्या असतील तर सावकाश घाल,” अक्का म्हणाली. “मीही घालणार आहे तुला, पुष्कळ साठल्यात. आधी सही करतीस काय?”

मी पर्समधून कागद काढला, लाडवाच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. तुपाचा एक डाग पडला कोपऱ्यात. पडू दे, चालतो.

“भाऊजींना सांगून येते,” मी उठले.

अक्कानं कागदाची घडी घालून कमरेला खोचली. “नको.”

“अहो, मी त्यांना अट घातलीय, माइकवर...”

“मला माहितीय काय घातलीस ती. तीन दिवस जेवलेले नाहीत. नको सांगू.” आणि तिनं परत लाडू वळायला घेतले.

दहा वाजता कार्यालय भरलं. पुढच्या रांगांत मंडळातली घराणी होती, फेटेवाले, शालूवाल्या. स्टेजवर डॉक्टर, आमदार आणि चाकाच्या खुर्चीत चंदना. मी पहिल्या रांगेत कडेला, माझ्या शेजारी अक्का आणि तिच्या पलीकडं स्वस्ती. दोन वेण्या, नवा फ्रॉक. ही पोरगी इतक्या जवळून मी पाच वर्षांत बघितली नव्हती. उजवा हात तिनं मांडीखाली दडवून ठेवला होता. चंदनाही तेव्हा तसंच करायची.

आमदारांनी शाल घातली. श्रीफळ द्यायचा मान यजमानांचा. भाऊजींनी ताटातला नारळ उचलला, दोन पावलं टाकली आणि तो त्यांच्या हातातून सुटला. टणकन्‌ आपटला, स्टेजच्या कडेवरून खाली आला आणि घरंगळत आमच्या पायांशी थांबला.

लोक हसले. भाऊजी माइकमध्ये म्हणाले, “माफ करा हं, हाताला जरा संधिवात...”

तेव्हा मला ते खिशाचं बटण आठवलं. नाटक नव्हतं ते.

“काका, मलाही तोच होता,” चंदना म्हणाली. माइक तिच्यापासून हातभर अंतरावर होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

हसणं थांबलं. आणि स्वस्ती, शहाणी पोर, आपल्या बाबांचा नारळ पडलाय म्हणून उठली. वाकली, उजव्या हातानं उचलायला गेली. सुटला. परत उचलला, परत सुटला. मग दोन्ही मनगटांत धरून छातीशी घेतला आणि स्टेजच्या पायऱ्यांकडं निघाली, आणि पहिल्याच पायरीशी थांबली, कारण कठडा धरायला हात मोकळा नव्हता. दोनशे माणसं बघत होती. मी उठणार, तर अक्कानं माझा दंड धरला.

भाऊजी लेकीकडं बघत होते. त्यांच्या तोंडावरचं ते हसू गेलं, ते मी पहिल्यांदाच गेलेलं बघितलं.

“ह्याला संधिवात म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “नसांचा आजार आहे आमच्या घरात. आजोबांना होता. आत्याला होता. मला लागलाय. माझ्या धाकटीला आहे. चंदनासाठी माझ्याकडं थेंबभर रक्त मागितलं होतं, मी दिलं नाही. आणि मंडळाच्या कागदावर ‘नाही’ म्हणून खूण मीच केली. बास. एवढंच.”

कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या रांगेतलं एक घराणं सरळ उठून चालू लागलं, त्यांच्यामागं आणखी एक. शेवटच्या रांगेत कुणीतरी फोन कानाला लावला होता, तो बहुधा समृद्धीच्या सासरीच. डॉक्टर मुजावर तेवढ्या स्टेजवरून खाली आल्या, स्वस्तीच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाल्या, “हा माझा आहे ना? दे.”

भाऊजी कठड्याला धरून खाली उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. घाम आला होता. एवढी वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघितली होती, आणि आता बघवेना.

“झालं तुझ्या मनासारखं? कर आता सही.”

“केलीय,” मी म्हटलं. “सकाळी सातलाच.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग अक्काकडं. अक्कानं कमरेचा कागद काढून दाखवला, तुपाच्या डागासकट.

“मग मला हे बोलायला का लावलंत?” ते ओरडलेच. “सगळं गेलं माझं! सही झालेली होती तर का बोलायला लावलंत?”

“तिनं नाही लावलं, मी लावलं,” अक्का म्हणाली. “माझ्या पोरीला काय झालंय ते तिच्या बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं मला. पाच वर्षं मी एकटीच ते पोटात घेऊन फिरले.”

ते मटकन्‌ खुर्चीत बसले. स्वस्ती त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. मला त्यांची कीव आली नाही, आणि स्वतःचीही आली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, अक्कानं मला केलेलं नाही, आणि त्या पोरीनं मोठी झाल्यावर आम्हां तिघांना काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल. पण उद्या सकाळी मशीनवर वीस अक्षरं मला लावायची होती आणि अजून एक काम राहिलं होतं.

“भाऊजी,” मी म्हटलं, “उद्या नऊला केंद्रात या. उपाशीपोटी यायची गरज नाही, काहीतरी खाऊन या. बाही वर सरेल असा सदरा घाला.”

“कशाला?”

“तुमच्या हातासाठीही तेच औषध चालेल. त्याच्याआधी तपासायला रक्त लागतं,” मी म्हटलं. “थेंबभर.”